प्रॉक्सीवर कॉल फॉरवर्डिंग बसवताना: टप्प्यांचा क्रम, टायमर आणि नेहमीच्या चुका

कॉल फॉरवर्डिंग चालू केलं की पहिल्या दिवशी सगळं ठीक वाटतं. एका एक्स्टेन्शनवरून दुसऱ्यावर कॉल लावला, तिसरा फोन वाजला, झालं काम. आठवड्याभरात तक्रारी यायला लागतात. कॉल करणाऱ्याने फोन ठेवला तरी पलीकडचा मोबाइल वाजतच राहतो. बाहेरून आलेला कॉल फॉरवर्डच होत नाही. दोघांनी एकमेकांकडे फॉरवर्ड लावला आणि लॉग फुगून डिस्क भरली.

या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं: फॉरवर्ड म्हणजे फक्त पत्ता बदलणं, असं समजून कॉन्फिगरेशनमध्ये दोन ओळी टाकलेल्या असतात. फॉरवर्ड झालेला कॉल हा फॉरवर्ड लावणाऱ्याने केलेला नवा कॉल आहे, असं धरून चाला. त्याची परवानगी, त्याचा खर्च आणि त्याचा टायमर नव्याने ठरवावा लागतो. खालचे सगळे टप्पे याच एका गोष्टीवर उभे आहेत.

लिहिताना समोर कामाइलिओ धरला आहे, म्हणजे एसआयपी (इंटरनेटवरचे फोन कॉल जुळवणारा प्रोटोकॉल) संदेश पुढे पोचवणारा सर्व्हर, अर्थात प्रॉक्सी. ओपनसिप्स या तशाच प्रॉक्सीमध्ये काही नावं वेगळी आहेत, क्रम तोच. आणखी एक: इथे आकडे देवनागरीत आहेत, पण कॉन्फिगरेशन फाइलमध्ये ते इंग्रजी आकड्यांतच लिहायचे.

## तयारी: फाइल उघडण्याआधी तीन निर्णय

फॉरवर्ड कोण करणार, फोन की सर्व्हर? बहुतेक आयपी फोनच्या मेनूत फॉरवर्डची स्वतःची सोय असते. तिथून लावलं की फोन इन्व्हाइटला (कॉल सुरू करणाऱ्या संदेशाला) ३०२ (‘दुसरीकडे पाठवा’) असं उत्तर देतो आणि कॉन्टॅक्ट हेडरमध्ये नवा पत्ता कळवतो. सर्व्हरवरही फॉरवर्ड आणि फोनवरही, असं ठेवलंत तर कॉल नेमका कुठून वळला हे शोधण्यात दिवस जातील. माझं मत ठाम आहे: फॉरवर्ड सर्व्हरवरच ठेवा, फोनच्या मेनूतली सोय प्रोव्हिजनिंगमधून (फोनना सेटिंग पाठवणाऱ्या व्यवस्थेतून) बंद करा. ३०२ पाळणं भागच असेल, तर त्यातला पत्ता टप्पा ४ मधल्या सगळ्या चाचण्यांतून जाऊ द्या. तो पत्ता फोनने दिलेला असतो, तुम्ही तपासलेला नसतो.

कोणकोणते प्रकार द्यायचे? चार पुरतात: बिनशर्त, फोन सर्व्हरवर नोंदलेला नसताना, बिझी असताना आणि उत्तर न मिळाल्यास. बिनशर्त लावलेलं असेल तर बाकीचे तीन बघायचेच नाहीत.

कॉल नाकारला तर तो बिझी धरायचा का? हा प्रश्न आधी सोडवला नाही तर पुढे छळतो. नाकारायचं बटण दाबल्यावर काही फोन ४८६ (बिझी) पाठवतात, काही ६०३ (नकार). डू नॉट डिस्टर्बवर कुणी ४८६ देतो, कुणी ४८० (सध्या उपलब्ध नाही). तुमच्याकडे फोनचे जितके मॉडेल आहेत, तितक्यांवर ही दोन्ही बटणं दाबून कोणता कोड येतो ते लिहून ठेवा. मगच बिझीच्या यादीत कोणते कोड घ्यायचे ते ठरवा.

चाचणीसाठी १०१ ते १०४ अशी चार एक्स्टेन्शन आणि बाहेरचा एक नंबर हाताशी ठेवा. सर्व्हरवर एसएनग्रेप (एसआयपी संदेश पडद्यावर दाखवणारं साधन) लावून ठेवा, कारण कॉलचा प्रवास डोळ्यांनी बघितल्याशिवाय यातलं काहीच पक्कं कळत नाही. चालू कॉन्फिगरेशनची प्रत काढून ठेवा.

## टप्पा १: फॉरवर्डच्या नोंदी साठवणं

प्रत्येक वापरकर्त्याच्या प्रत्येक प्रकारासाठी एक ओळ: वापरकर्ता, डोमेन, प्रकार, लक्ष्य. ‘उत्तर नाही’साठी सेकंदांचा आकडाही लागतो. कामाइलिओतल्या युजर प्रेफरन्सेसच्या टेबलात हे नीट बसतं.

लक्ष्याचा नंबर साफ करायचं काम साठवतानाच करा, कॉलच्या वेळी नको. लोक नंबर कॉपी करून चिकटवतात, तेव्हा त्यात मोकळ्या जागा, कंस, आडव्या रेघा, कधीकधी न दिसणारी अक्षरंही येतात. मराठी कीबोर्ड चालू असेल तर देवनागरी आकडे येतात. ते पडद्यावर बरोबर दिसतात, पण गेटवेला (बाहेरच्या फोन नेटवर्कशी जोडणाऱ्या यंत्राला) कळत नाहीत. सगळं गाळून नंबर अधिकचिन्ह आणि देशाच्या कोडसह आंतरराष्ट्रीय स्वरूपात ठेवा. त्या स्वरूपात जास्तीत जास्त १५ आकडे असतात, त्याहून लांब आलं तर परत पाठवा. आपत्कालीन सेवेचे नंबर आणि वापरकर्त्याचा स्वतःचा नंबर लक्ष्य म्हणून घेऊच नका.

फोनवरूनच कोड दाबून फॉरवर्ड लावायची सोय देणार असाल, तर जीएसएम मोबाइलवरचे आकडे बऱ्याच जणांच्या हाताला सवयीचे असतात: बिनशर्तसाठी २१, उत्तर नसेल तर ६१, संपर्क नसेल तर ६२, बिझीसाठी ६७. मात्र शेवटच्या # मुळे गोंधळ होतो. बरेच डेस्क फोन # दाबताच नंबर पाठवून मोकळे होतात. आणि एसआयपी पत्त्यात # उघडं चालत नाही, ते %२३ असं एन्कोड होऊन येतं. तुमचा नमुना # शोधत बसतो आणि कोड कधीच जुळत नाही. दोन्ही रूपं जुळवा, शेवटी # नसलेलंही चालू द्या.

> तपासा: १०२ साठी नोंद करा आणि टेबलातली ओळ स्वतः बघा. पोर्टलवर दिसणाऱ्या नंबरावर विश्वास ठेवू नका.

## टप्पा २: ज्या रिक्वेस्टना हात लावायचा नाही त्या बाजूला काढणं

फॉरवर्डचा विचार फक्त नव्या इन्व्हाइटसाठी करायचा. टू हेडरमध्ये टॅग आहे म्हणजे कॉल आधीच जुळलेला आहे. होल्ड, री-इन्व्हाइट (चालू कॉलमध्ये बदल करणारा इन्व्हाइट), बाय (कॉल संपवणं) हे सगळं त्यात येतं. ते सरळ आधीच्या वाटेनेच जायला हवं. कॅन्सल (कॉल रद्द करणं) आणि एसीके (उत्तराची पोच) यांचंही तसंच.

ही गाळणी फॉरवर्डच्या नंतर ठेवली की एक चमत्कारिक दोष दिसतो. १०२ चा कॉल चालू आहे, मधेच त्याने बिनशर्त फॉरवर्ड लावला, आणि पलीकडच्याने होल्ड दाबताच ती री-इन्व्हाइट तिसऱ्याच फोनवर जाऊन धडकली.

रेकॉर्ड-रूटही (पुढचे संदेशही प्रॉक्सीमधूनच यावेत असं सांगणारं हेडर) इथेच, कॉल वळवायच्या आधी लावा. ते नसेल तर कॉल जुळल्यावरचे संदेश प्रॉक्सीला वळसा घालून जातात. मग कॉल कधी संपला ते सर्व्हरला कळत नाही आणि बिलाची नोंद अर्धवट राहते.

## टप्पा ३: मूळ नंबर जपून ठेवणं

लोकेशन टेबलात (कोणता फोन कुठे नोंदलेला आहे त्या यादीत) शोध घेतला की रिक्वेस्ट यूआरआय (कॉल ज्याच्याकडे जायचा तो पत्ता) बदलतो. १०२ च्या जागी त्या फोनचा आयपी पत्ता असलेला कॉन्टॅक्ट येतो. वीस सेकंदांनी फेल्युअर रूटमध्ये (कॉल लागला नाही की चालणाऱ्या कॉन्फिगरेशनच्या भागात) पोचल्यावर ‘हा कॉल मुळात कुणासाठी होता’ हे विचारायला जागा उरत नाही. म्हणून शोधाच्या आधीच मूळ नंबर एव्हीपीमध्ये (कामाइलिओतल्या एका प्रकारच्या व्हेरिएबलमध्ये) ठेवा.

> सावधान: हा नंबर साध्या स्क्रिप्ट व्हेरिएबलमध्ये ठेवू नका. ते व्हेरिएबल त्या एका प्रोसेसपुरतं असतं आणि फेल्युअर रूट दुसऱ्याच प्रोसेसमध्ये चालू शकतो. मग तिथे रिकामी किंवा भलत्याच कॉलची किंमत मिळते. चाचणीत एकेक कॉल लावताना हे दिसत नाही, गर्दीत दिसतं. एव्हीपी ट्रान्झॅक्शनला (एक रिक्वेस्ट आणि तिची सगळी उत्तरं) चिकटलेला असतो, म्हणून तोच वापरा.

टू हेडर बदलायचा मोह टाळा. कॉल कुठे जाणार हे रिक्वेस्ट यूआरआय ठरवतो. टू हेडरमध्ये करणाऱ्याने मुळात काय डायल केलं ते असतं, आणि ते तसंच राहायला हवं.

## टप्पा ४: फॉरवर्डसाठी एकच सामाईक रूट

हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे. चार प्रकारांसाठी चार ठिकाणी तोच मजकूर लिहू नका. एकच रूट लिहा आणि सगळ्यांनी त्यालाच बोलवावं. एका ठिकाणी परवानगी तपासली आणि दुसरीकडे विसरलो, हा धोका त्यामुळे टळतो. त्या रूटमध्ये हा क्रम पाळा:

1. मोजणी. हा कॉल आतापर्यंत किती वेळा वळला ते बघा. मर्यादा ओलांडली असेल तर ४८२ (कॉल गोल फिरतोय) किंवा ४८० देऊन थांबा. नेहमीच्या कामाला तीन ते पाच वळणं पुरतात.
2. परवानगी. फॉरवर्ड लावणाऱ्याला स्वतःला हा नंबर लावता आला असता का? नसेल तर कॉल वळवू नका.
3. खर्चाचा धनी. पुढच्या टप्प्याचा खर्च फॉरवर्ड लावणाऱ्याच्या खात्यावर जाईल अशी नोंद करा.
4. जुना मार्ग पुसणं. आधीच्या शोधाने भरलेला डेस्टिनेशन यूआरआय (संदेश प्रत्यक्ष जिथे पाठवला जातो तो पत्ता) रिकामा करा.
5. नवा पत्ता. रिक्वेस्ट यूआरआयमध्ये लक्ष्य भरा, डायव्हर्जन हेडर (कॉल कुणी वळवला ते सांगणारं) जोडा.
6. टायमर नव्याने लावा आणि कॉल पाठवा.

यातल्या तीन पायऱ्यांवर थांबायला हवं.

परवानगीची चूक कशी होते ते बघा. बाहेरून ट्रंकवर (फोन कंपनीशी असलेल्या जोडणीवर) कॉल आला. करणारा तुमचा वापरकर्ता नाही, म्हणून त्याला फक्त आतली एक्स्टेन्शन लावता येतात, गेटवे बंद. हे बरोबरच आहे. आता १०२ ने मोबाइलवर फॉरवर्ड लावलेला आहे, म्हणजे तोच कॉल पुन्हा गेटवेकडे जाणार. जुनी तपासणी म्हणते, करणारा अनोळखी आहे, ४०३ (मनाई). घाईत असलेला माणूस ट्रंकवरून आलेल्या सगळ्यांना गेटवे खुला करतो. कॉल चालू होतात आणि सर्व्हर जगभरच्या महागड्या नंबरांसाठी उघडा पडतो. तपासायची परवानगी १०२ ची आहे, बाहेरच्याची नाही. एवढं कळलं की गेटवे कुणालाच खुला करावा लागत नाही.

फसवणुकीचा दुसरा रस्ताही ओळखून ठेवा. कुणाचा तरी पोर्टलचा पासवर्ड फुटतो, त्या खात्यावर परदेशातल्या प्रीमियम दराच्या नंबरकडे फॉरवर्ड लागतो, आणि मग त्या एक्स्टेन्शनवर बाहेरून एकामागून एक कॉल येतात. म्हणून परदेशी फॉरवर्ड मुळात बंद ठेवा, मागेल त्यालाच द्या. एका वापरकर्त्याचे एका वेळी दोन-तीनच फॉरवर्ड कॉल चालू राहतील अशी मर्यादाही घाला.

चौथी पायरी क्षुल्लक वाटते, पण तीच विसरली जाते. नॅटमागच्या (राउटरमागे खाजगी आयपीवर असलेल्या) फोनसाठी शोधाने डेस्टिनेशन यूआरआय भरलेला असतो, आणि पाठवताना प्रॉक्सी आधी त्याच्याकडे बघते. तो तसाच राहिला तर नव्या नंबरचा इन्व्हाइट जुन्याच फोनवर जातो. ट्रेसमध्ये पत्ता १०३ चा आणि पॅकेट १०२ च्या आयपीवर असं दिसलं, तर दुसरीकडे कुठे शोधू नका.

मोजणीसाठी मॅक्स-फॉरवर्ड्सवर (प्रत्येक सर्व्हर ओलांडताना एकाने कमी होणाऱ्या आकड्यावर) विसंबू नका. ते साधारण ७० पासून सुरू होतं. १०२ आणि १०३ एकमेकांकडे फॉरवर्ड असतील तर ते संपेपर्यंत कॉल कित्येक फेऱ्या मारतो. त्यात प्रत्येकाचे दोन-दोन फोन नोंदलेले असले तर प्रत्येक फेरीत इन्व्हाइट दुप्पट होतात. फोर्किंग (एकच कॉल अनेक फोनकडे पाठवणं) करणाऱ्या प्रॉक्सीतला हा धोका इतका खरा आहे की त्यासाठी २००८ मध्ये आरएफसी ५३९३ हे वेगळं प्रमाण निघालं. स्वतःची मोजणी एव्हीपीत ठेवा. कॉल दुसऱ्या सर्व्हरवरून फिरून परत येऊ शकत असेल, तर आलेले डायव्हर्जन हेडरही त्यात मोजा.

> तपासा: इथपर्यंत झालं की फाइलची मांडणी तपासणारी आज्ञा चालवा, मगच सेवा पुन्हा सुरू करा. एक कंस चुकला तर सगळ्यांचे फोन बंद पडतात.

## टप्पा ५: बिनशर्त आणि नोंद नसलेल्या फोनचा फॉरवर्ड

बिनशर्त फॉरवर्ड लोकेशनच्या शोधाआधी बघायचा. नोंद सापडली की सामाईक रूटला बोलवा. लक्ष्य आतलंच एक्स्टेन्शन असेल तर त्याचाही बिनशर्त फॉरवर्ड बघावा लागतो, आणि मोजणी तिथेच कामाला येते.

शोधात एकही कॉन्टॅक्ट मिळाला नाही, तर ‘नोंदलेला नाही’ हा प्रकार. फोनकडे इन्व्हाइट गेलाच नसल्याने फेल्युअर रूटची वाट बघू नका, इथेच वळवा.

पण वायर काढून टाकलेला फोन लगेच ‘नोंदलेला नाही’ होत नाही. नोंद तासाभराची असेल तर तेवढा वेळ तो टेबलात जिवंतच दिसतो. त्याची सोय पुढच्या टप्प्यात येते.

## टप्पा ६: बिझी आणि उत्तर नाही

कॉल फोनकडे पाठवण्याआधी फेल्युअर रूट लावायचा आणि टायमर ठरवायचे. टायमर दोन आहेत आणि त्यांची गल्लत फार होते.

पहिला, एफआर टायमर, फोनकडून काहीच उत्तर आलं नाही तर सुटतो. मूळ किंमत ३० सेकंद. टेबलात जिवंत दिसणारा मेलेला फोन हाच पकडतो, पण तोवर करणारा अर्धा मिनिट शांतता ऐकत बसतो. डेस्क फोनसाठी हा ५ सेकंदांवर आणा आणि तो सुटला तर ‘नोंदलेला नाही’चा फॉरवर्ड वापरा. पुश सूचनेने जागं होणाऱ्या मोबाइल ॲपना मात्र जास्त वेळ लागतो, त्यांच्यासाठी वेगळी किंमत ठेवा.

दुसरा, एफआर इन्व्ह टायमर, तात्पुरतं उत्तर (१०० म्हणजे ‘संदेश मिळाला’, १८० म्हणजे ‘वाजतोय’) आल्यानंतर किती वेळ वाट बघायची ते ठरवतो. मूळ किंमत १२० सेकंद. ‘उत्तर नाही’चा वेळ म्हणजे हाच. २० ते २५ सेकंद ठीक असतात. फोनने नुसता १०० पाठवला तरी हा टायमर सुरू होतो, घंटी वाजायलाच हवी असं नाही.

> सावधान: प्रत्येक तात्पुरत्या उत्तरावर हा टायमर पुन्हा शून्यापासून सुरू करायची सेटिंग कामाइलिओत मुळात चालू असते. काही फोन आणि गेटवे दर काही सेकंदांनी १८० पाठवत राहतात. अशा वेळी २० सेकंद कधीच पूर्ण होत नाहीत आणि ‘उत्तर नाही’ लागतच नाही. ‘रीस्टार्ट एफआर ऑन ईच रिप्लाय’ ही सेटिंग शून्य करा.

आता फेल्युअर रूट. त्यातली पहिली ओळ ठरलेली आहे: कॉल रद्द झाला असेल तर बाहेर पडा. करणाऱ्याने वाजता वाजता फोन ठेवला की १०२ कडून ४८७ (कॉल रद्द झाला) येतो आणि फेल्युअर रूट तरीही चालतो. मी एका ठिकाणी ही ओळ विसरलो होतो. वर सगळ्या अपयशांवर फॉरवर्ड लावलेला. रिसेप्शनवरच्या बाई रोज सांगायच्या, फोन वाजतो, उचलला की पलीकडे कुणीच नसतं. मी दोन दिवस हेडसेट आणि स्विच तपासत बसलो. शेवटी ट्रेसमध्ये दिसलं की प्रत्येक ‘भुताच्या’ कॉलआधी करणाऱ्याचा कॅन्सल येऊन गेलेला होता.

त्यानंतर कोड बघा. ४८६ आणि तुमच्या तयारीतल्या यादीतले कोड म्हणजे बिझी. ४०८ म्हणजे टायमर सुटला. पण कोणता टायमर, हे फोनकडून तात्पुरतं उत्तर आलं होतं की नाही यावरून ठरवा. बाकीचे कोड करणाऱ्याकडे जाऊ द्या. ‘काहीही बिघडलं तर फॉरवर्ड’ हा सोपा रस्ता घेऊ नका, कारण कोडेक (आवाजाचं स्वरूप) न जुळल्याचा ४८८ सुद्धा फॉरवर्डखाली लपून जातो आणि खरा दोष महिनोन्‌महिने सापडत नाही.

फेल्युअर रूट एकदाच चालतो. वळवलेल्या कॉललाही उत्तर मिळालं नाही तर व्हॉइसमेलकडे न्यायचा असेल, तर पाठवण्याआधी तो पुन्हा लावायला हवा. टायमरही नव्याने द्या. मोबाइल जुळायलाच काही सेकंद जातात, त्याला जुने २० सेकंद पुरत नाहीत.

सगळं बरोबर असेल तर ट्रेसमध्ये हे दिसतं. १०१ चा इन्व्हाइट आला, प्रॉक्सीने तो १०२ ला दिला, १८० आला. विसाव्या सेकंदाला प्रॉक्सीने १०२ ला कॅन्सल पाठवला. १०२ ने कॅन्सलला २०० आणि इन्व्हाइटला ४८७ दिला, प्रॉक्सीने त्याला एसीके केला. त्याच सुमारास १०३ कडे नवा इन्व्हाइट गेला आणि तिकडून १८० आला. १०१ ला यातला ४८७ दिसताच कामा नये. त्याच्यासाठी घंटी अखंड वाजत असते.

एका नंबरवर दोन फोन नोंदलेले असतील तर एकाने ४८६ दिला तरी दुसरा वाजत असेपर्यंत फेल्युअर रूट चालत नाही. वापरकर्ते याला दोष समजतात. आधीच सांगून ठेवा.

## टप्पा ७: कॉलर आयडी

बाहेरून आलेला कॉल पुन्हा बाहेर जाताना फ्रॉम हेडरमध्ये परक्याचा नंबर असतो. अनेक कंपन्या आपल्या ट्रंकवर फक्त आपणच दिलेले नंबर स्वीकारतात, बाकीच्यांना ४०३ देतात. आतला फॉरवर्ड चालतो आणि बाहेरचाच पडतो, त्याचं कारण बहुधा हेच.

ट्रंक देणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: वळवलेल्या कॉलवर तुम्ही आमचा नंबर कोणत्या हेडरमध्ये बघता? काही डायव्हर्जन बघतात, काही हिस्टरी-इन्फो, काही पी-असर्टेड-आयडेंटिटी. त्यात फॉरवर्ड लावणाऱ्याचा नंबर घाला आणि फ्रॉममध्ये मूळ करणारा राहू द्या. तेही चालत नसेल तर फ्रॉममध्ये तुमचा नंबर घालणं एवढंच उरतं. मग मोबाइलवर सगळे कॉल ऑफिसच्या नंबरवरून आलेले दिसतील, ते वापरकर्त्याला आधी सांगा.

## टप्पा ८: आवाज

मीडिया रिले (दोन फोनमधला आवाज पुढे पोचवणारा सर्व्हर) वापरत असाल तर वळवलेल्या कॉलसाठी ऑफर (आवाज कुठे पाठवायचा ते रिलेला कळवणं) नव्या ब्रांचवर (कॉलच्या नव्या फाट्यावर) पुन्हा करा. पहिल्या फोनचा पत्ता रिलेत राहिला तर आवाज एकाच बाजूने येतो. म्हणून चाचणीत दोन्हीकडून बोलून बघा, नुसती घंटी वाजली म्हणून पुढे जाऊ नका.

## टप्पा ९: या क्रमाने चाचणी

1. फॉरवर्ड न लावता साधा कॉल. तो आधीसारखाच लागायला हवा.
2. १०२ वर बिनशर्त, १०३ कडे. १०२ एकदाही वाजू नये.
3. १०२ ची नोंद काढून कॉल. मग नोंद ठेवून वायर काढून कॉल.
4. १०२ बिझी ठेवून कॉल, आणि नाकारायचं बटण दाबून कॉल.
5. १०२ वाजू द्या. घड्याळ लावून सेकंद मोजा.
6. १०२ वाजत असताना १०१ वरून फोन ठेवा. १०३ ला काहीच जाऊ नये.
7. १०२ आणि १०३ एकमेकांकडे. कॉल सेकंदाच्या आत संपायला हवा.
8. परवानगी नसलेल्या वापरकर्त्याचा फॉरवर्ड बाहेरच्या नंबरकडे. तो अडायला हवा.
9. बाहेरून आलेला कॉल बाहेर. मोबाइलवर कोणता नंबर दिसतो आणि नोंद कुणाच्या खात्यावर पडते, दोन्ही बघा.
10. जुळलेल्या कॉलवर होल्ड, परत, मग दोन्ही बाजूंनी आळीपाळीने फोन ठेवून.

सहावी, सातवी आणि आठवी चाचणी झाल्याशिवाय ही सोय कुणालाही देऊ नका. चालू केल्यावर पहिला आठवडा रोज सकाळी फॉरवर्ड झालेल्या कॉलच्या नोंदी लक्ष्य नंबरनुसार लावून बघा. ओळखीचा नसलेला नंबर वर दिसला, तर आधी तो फॉरवर्ड काढा, मग वापरकर्त्याला विचारा.